बेबीचा पहिला प्रश्न

आमच्या हिंदीभाषी शहरातल्या गोहलपूर भागात लोखंडी कपाटं बनवणाऱ्या वेल्डरच्या शेजारी एक लहानशी खोली आहे. पाटीवर हिंदीत लिहिलंय, कम्प्यूटर आणि प्रिंटर सुधारून मिळतील. आत येणारा नवा माणूस टेबलामागच्या बेबीकडे बघतो, मग तिच्या मागच्या पडद्याकडे बघतो आणि विचारतो, "भैया कहाँ हैं?"

"भैया रेलवे में हैं," बेबी स्क्रू काढता काढता सांगते. "रेल बिगड़ी हो तो उनके पास जाइए. कम्प्यूटर हम देखते हैं."

भैया म्हणजे तिचा नवरा, बाळाजी देवघरे. त्याला घरातला मिक्सरही उघडता येत नाही आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

बेबी माझी विद्यार्थिनी. आठवीत असताना ती वर्गाची मॉनिटर होती. खिडकीची काच फुटली की मी विचारायची, "कोणी फोडली?" आणि चाळीस माना खाली जायच्या. बेबी विचारायची, "सुट्टी संपली तेव्हा शेवटी आत कोण आलं?" याचं उत्तर द्यायला कोणाला भीती वाटत नसे. दोन मिनिटांत सगळी हकीकत कळायची आणि कोणी रडायचंही नाही. मला ते तीस वर्षं शिकवूनही नीट जमलं नाही.

लग्नानंतर ती कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात बसत होती. तिथला मेकॅनिक बोलावल्यावर चौथ्या दिवशी उगवायचा. तो काय करतो ते बेबीनं तीनदा नीट पाहिलं आणि चौथ्यांदा त्याला बोलावलंच नाही. आता तिच्याकडे पाटनचे वकील येतात, सिहोऱ्याचे बियाणेवाले येतात. गेली दोन-तीन वर्षं बहुतेकांची तक्रार एकच असते: अपडेट आलं आणि कम्प्यूटर मंद झाला. भाचा, शेजारी, मोबाइलवाला, सगळ्यांनी आधीच सल्ला दिलेला असतो की नवा घ्या.

बेबी घाई करत नाही. एका वकिलाच्या कम्प्यूटरमध्ये व्हायरस रोखणारे दोन प्रोग्राम निघाले. "एका घरात दोन सासवा ठेवल्यात साहेब," ती म्हणाली, "सून काम कधी करणार?" कुठे मेमरी कमी पडते, कुठे अपडेटनंतर मशीनला आपली आवराआवर करायला एक दिवस निवांत मिळायला हवा असतो. ती एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि वहीत लिहून ठेवते. वहीत एका रकान्यात लोकांनी सांगितलेलं कारण असतं, दुसऱ्यात खरं निघालेलं. दोन्ही क्वचितच जुळतात.

गेल्या नोव्हेंबरात मी तिला आमच्या मंडळाच्या दवाखान्यात घेऊन गेले. हा धर्मादाय दवाखाना आमची मराठी मंडळी चालवतात आणि मी समितीवर आहे. चिटणीस नीलकंठ मोहरील फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. सरळ माणूस, शब्दाला पक्का, पण एकदा मत झालं की ते बदलायला क्रेन लागते. ऑगस्टमध्ये त्यांनी कम्प्यूटरवर रुग्णांच्या नावनोंदणीच्या चिठ्ठ्या काढायला अवंतिका नावाची मुलगी ठेवली होती. ती पाटनहून रोज बसनं येई. तीन महिने काम पाहायचं आणि मग कायम करायचं, असं ठरलं होतं. पहिला महिना झकास गेला. मग एकेका चिठ्ठीला चार-चार मिनिटं लागू लागली, बाकावरचे म्हातारे कुरकुरू लागले, आणि नीलकंठरावांनी समितीच्या कागदावर लिहिलं: "मुलगी गुणी आहे, पण हात सुस्त." रविवारी बैठक होती. तिला निरोप द्यायचा आणि पुन्हा रजिस्टर सुरू करायचं, असा त्यांचा प्रस्ताव होता. अवंतिकानं मला कधी काही म्हटलं नाही. पण डबा उघडून न जेवता पुन्हा बंद करताना मी तिला दोनदा पाहिलं.

गुरुवारी सकाळी बेबी आली आणि खुर्ची ओढून नुसती बसली. कम्प्यूटर सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली. तितका वेळ तिनं कशालाही हात लावला नाही.

नीलकंठराव माझ्या कानाशी आले. "बाई, ही दुरुस्ती करून राहिली का मुक्कामाला आली?"

"काका, मला ऐकू येते," बेबी मान न वळवता म्हणाली. "चहा आला तर मुक्काम, नाही तर दुरुस्ती."

चहा आला. मग तिनं अवंतिकाला आपला पहिला प्रश्न विचारला.

"हा बंद कोण करते?"

"मीच दीदी. चार पंचावन्नला."

"कसा?"

"शटडाउन दाबते. आधी तिथं नुसतं शटडाउन यायचं, आजकल अपडेट और शटडाउन लिहून येतं, तेच दाबते. मग स्क्रीन बंद करते आणि बससाठी पळते."

"पूर्ण बंद झाला का ते पाहतेस?"

"कैसे देखूँ? स्क्रीन तर बंदच असते ना." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं नीलकंठरावांच्या सुरेख अक्षरात कागद चिकटवला होता: 'निघताना पडद्याचे बटण बंद करावे. मेन स्विच चिटणीस बंद करतील.'

"आणि मेन, काका?"

"ठीक पाचला," नीलकंठराव ताठ झाले. "भोंगा झाला की मेन खाली. अठ्ठावीस वर्षं माझ्या सेक्शनमध्ये एक मशीन चालू राहिलं नाही, म्हणून एकाचं बोटही गेलं नाही. इथंही तेच."

"यूपीएस?"

"त्याची बॅटरी सप्टेंबरातच गेली. ती मागवायची राहिली."

 बेबीनं पडद्यावर एक यादी उघडली. यंत्र स्वतःच्या अशा नोंदी ठेवतं, हे मला तेव्हा कळलं. "काका, जरा वाचता का? ज्या ज्या वेळी याची वीज एकदम गेली, त्या तारखा आहेत."

नीलकंठरावांनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं वाचू लागले. "तीन तारीख, पाच वाजता. चार तारीख, पाच वाजता. पाच तारीख, पाच वाजून सहा मिनिटं... सहा मिनिटं काहून? हां, त्या दिवशी डॉक्टर उशिरा निघाले. सहा तारीख..."

तिथं ते थांबले. मग पुढच्या ओळी मनातच वाचल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काका," बेबीनं अगदी सहज विचारलं, "लेथवर अर्धा झालेला जॉब असताना कोणी मेन पाडलं तर?"

"चार्जशीट देईन."

"याचा जॉब रोज पाचला अर्धा राहून राहिला. सकाळी हा ते अर्धं काम उसवत बसते, दिवसभर पुन्हा शिवायला घेते, आणि त्यातच पोरीच्या चिठ्ठ्या काढते. बस, इतकंच आहे. मशीन ठीक आहे. पोरगीही ठीक आहे."

तिसऱ्या माणसाचं नाव तिनं घेतलं नाही. नीलकंठराव मात्र अवंतिकाकडे न बघता बाहेर जाऊन बाकावर बसले.

शनिवारी दवाखाना बंद असतो. बेबीनं दुकानातला आपला यूपीएस आणून जोडला, आधीचं अर्धवट उतरलेलं काढून टाकलं आणि अकरा वाजता अपडेट नव्यानं लावलं. "संध्याकाळपर्यंत होईल. कोणी हात लावायचा नाही," असं बजावून ती दुकानात गेली. राखण करायला नीलकंठराव स्वतःहून बसले, मेन स्विचच्या बरोबर खाली खुर्ची टाकून.

साडेचारला मी थर्मास घेऊन गेले. पडद्यावर आकडा होता, सत्याऐंशी टक्के. पाच वाजले. नीलकंठराव उठले. उजवा हात वर गेला आणि बोटं स्विचला लागली. आकडा अजून सत्याऐंशीच होता. त्यांनी हाताकडे पाहिलं, तो हळूच खाली घेतला आणि पाठीमागे दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत पाचनंतर मी पहिल्यांदा थांबून राहिलो."

"चहा घ्या," मी म्हटलं. कप त्यांनी डाव्या हातानंच घेतला.

पाच चाळीसला काम पुरं झालं. बेबीनं येऊन पाहिलं आणि म्हणाली, "अजून आतली आवराआवर चालू आहे, तीही होऊ द्या." सात वाजता तिनं पहिली चिठ्ठी काढली. सहा सेकंदांत निघाली.

रविवारी अवंतिका सुट्टीच्या दिवशीही पाटनहून आली, नवी ओढणी घेऊन. बेबीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि समितीच्या नऊ जणांना रुग्णांसारखं रांगेत उभं केलं. नववी चिठ्ठी माझी. रांगेतल्या पहिल्याची अजून वाचून व्हायची होती तोवर ती हातात पडली.

नीलकंठराव उभे राहिले. "माझ्या कागदावर एक वाक्य आहे, हात सुस्त असल्याचं. ते मी खोडतो. मशीन रोज मी अडवत होतो. ही पोरगी दोन महिने तशाच मशीनवर सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढत राहिली, एकालाही परत पाठवलं नाही. तिला आजपासून कायम करावं." आणि मग अवंतिकाकडे वळून, "चुकलो बेटा."

"अरे नहीं काका," ती म्हणाली आणि लगेच प्रिंटरमधले कागद सारखे करू लागली.

बेबीच्या वहीत नंतर मी डोकावले. लोकांनी सांगितलेलं कारण: 'मुलगी हळू.' खरं कारण: 'जॉब अर्धा सुटत होता.' नाव कोणाचंच नव्हतं.

सोमवारी दवाखान्याच्या भिंतीवरचा कागद बदललेला होता. अक्षर तेच, सुरेख: 'मेन बंद करण्यापूर्वी अवंतिकास विचारावे.' खाली चिटणिसांची सही होती.