फाट्यावरचा माणूस

दुसऱ्या ऑफिसात फाइली साचतात, आमच्या अग्निशमन केंद्रात किस्से! फोन मी घ्यायचो, गाडी गफूरभाई चालवायचे. खेड्याच्या फाट्यांना पाट्या नसतात, म्हणून फोनवर माझं एकच ठरलेलं वाक्य: "फाट्यावर माणूस उभा करा. गाडी येईपर्यंत जागचे हलू नका!" लई अभिमान होता मला त्या वाक्याचा.

एकदा लोह्याकडच्या फाट्यावर अख्खं गाव उभं! म्हातारे, बाया, सरपंचसुद्धा. मी म्हणलं, "अहो, आगीपाशी कोण हाय?"

"कोणीच न्हाई! तुम्हीच म्हणले की, हलू नका!"

गफूरभाई स्टेअरिंगवर डोकं टेकून हसले.

एकदा एकजण फाट्यावर दस्ती, म्हणजे हातरुमाल, हलवून राहिला होता. गफूरभाईंनी सायरनसकट गाडी वळवली ती थेट लग्नाच्या मांडवात! तो बिचारा वऱ्हाडाची वाट बघत होता. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "आलातच तर जेवून जावा!"

खऱ्या आगीवर पोचलो, तर लोकांनी लिंबाच्या फांद्यांनी झोडपून ती विझवलेली. म्हणाले, "आता गाडीतलं पाणी आमच्या हौदात तरी सोडा!" सोडलं. काय करणार!

हे सांगताना मी हसतो. व्यंकटमामांचं सांगताना हसू येत नाही. येऊ पण नये.

उन्हाळ्यातली भर दुपार. व्यंकटमामा सत्तरीचे, अहमदपूर रोडला शेतात एकटेच राहायचे. फोनवर म्हणाले, "साहेब, शेताच्या कडेला धुऱ्यावरचं गवत पेटलंय. आग अजून लांब हाय. गोठ्यात गाय हाय, तिला सोडून मग फाट्यावर जाऊ का?"

मी काय म्हणालो? "आधी फाट्यावर जा, मामा. दहा मिनिटांत आलो. जागचे हलू नका!" चुकलंच माझं. त्या दिवसापासून ते वाक्य मी तोंडातून काढलं नाही.

वाटेत एका मोटारसायकलवाल्यानं धूर दाखवून सांगितलं, "ह्या पांदीच्या वाटेनं जवळ पडतं!" आम्ही फाट्याच्या अलीकडूनच आत वळलो. पांदीत गाडी रुतली. काढून पोचेपर्यंत वाऱ्यानं आग गवतावरून कडब्यावर आणि कडब्यावरून गोठ्यावर नेली होती. गाय दाव्यालाच होती. गेली होती.

आग विझवली. मामा कुठंच दिसेनात. तेव्हा लक्षात आलं. त्याच पांदीनं परत मेन रोडला आलो आणि फाट्याकडं निघालो.

मामा उन्हात तिथंच उभे होते. आमची गाडी दिसली तसे दस्ती हलवत पुढं धावले.

"इकडून, साहेब, इकडून! बिगी बिगी चला, गाय बांधलेली हाय!"