जांभळा बेल्ट आणि मॅटला टेकलेली पाठ

मित्रांनो, सकाळचं अजून डोक्यातून जात न्हाय.

जिउ-जित्सूत, म्हणजे मॅटवरच्या झटापटीच्या खेळात, सहा वर्षं घासल्यावर गेल्या आठवड्यात मला बराच वरचा जांभळा बेल्ट मिळाला. आज उद्यमबागच्या आमच्या क्लासला खानापूरकडचे परशराम अण्णा पहिल्यांदाच आले. फौंड्रीत कामाला, वय पंचेचाळीस, तालमीतले जुने पैलवान. कमरेला नवशिक्याचा कोरा पांढरा बेल्ट. म्हटलं, ह्यांना जरा दाखवूया.

सर 'चला' म्हणाले आणि मिनिटाभरात अण्णांनी मला उचलून असं आपटलं की तोंडात रक्त आलं. पाठ मॅटला टेकली. सगळा क्लास हसला.

आमच्या खेळात पाठ टेकली तरी लढत संपत न्हाय, पण कुस्ती झाली असं समजून अण्णांनी पकड सोडली आणि मला उठवायला हात पुढं केला.

मी तोच हात ओढला, पायांच्या कात्रीत त्यांची मान धरली आणि जीव खाऊन आवळली. हार मानायची तर हातानं थोपटायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तोंड काळंनिळं पडलं, घशातून घरघर आली. मला कळत होतं. तरी मी सोडलं न्हाय.

"सोड रं, मरंल त्यो!" सरांनी माझे पाय ओढून काढले.

अण्णा शुद्धीवर आले. गळा चोळत, राग न धरता त्यांनी विचारलं, "दादा, तुमची पाठ टेकलीती न्हवं?"

मी तसाच बेल्ट पिशवीत कोंबून घरी आलोय. तुम्हीच सांगा, उद्या तो कुठल्या तोंडानं बांधू?