चौरंगावर राहिलेला टॉर्क आर्म

चौरंगावर टॉर्क आर्म होता आणि स्टँडवर सायकल नव्हती.

दसऱ्याची सकाळ. लालबागच्या आमच्या गाळ्यात मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन शिरले आणि दारातच थांबले. दर वर्षीसारखी सगळी हत्यारं लाल कापडावर मांडलेली होती. पाने, पकडी, ड्रिल, मल्टिमीटर. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू. आणि दोन पान्यांच्या मधे, पंजाएवढी एक नवीकोरी पोलादी पट्टी, तोच टॉर्क आर्म. तिलाही हळदकुंकू.

पट्टी पूजेत असायला माझी हरकत नव्हती. पण ती सायकलला बसवायची अजून बाकी होती.

"दत्ताभाऊ, परबताईंची सायकल कुठे आहे?"

दत्ताभाऊ सावंत माझे पार्टनर. साध्या सायकलींना बॅटरी आणि मोटर बसवून देणं हा आमचा धंदा. फ्रेम, चाकं, वेल्डिंग त्यांच्याकडे. मोटर, वायरिंग आणि टेस्टिंग माझ्याकडे.

"नेली की त्यांनी. मुहूर्त ना आज. पेढे पण देऊन गेल्या."

"चालवत नेली?"

"मग काय डोक्यावर घेऊन जाणार?" ते हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

परबताई भोईवाड्यात राहतात. परळच्या हॉस्पिटलांमध्ये पेशंटजवळ राहणाऱ्या नातेवाइकांना त्या जेवणाचे डबे पोचवतात. मागच्या कॅरिअरवर डब्यांची पेटी, समोर पिशवी. त्यांच्या मागच्या चाकात आम्ही पूर्वीच हब मोटर बसवली होती. हब मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर. ती चाक थेट फिरवते, चेनशी तिचा काही संबंध नसतो.

मग गियर कशाला, असं लोक विचारतात. परबताईंनीही विचारलं होतं. गियर मोटरसाठी नसतात, पायांसाठी असतात. फेरीच्या शेवटी बॅटरी उतरते, समोर चढ येतो, आणि एकाच गियरवर ती वजनदार सायकल ओढताना गुडघ्यांची वाट लागते. त्यांचा उजवा गुडघा आधीच दुखरा. म्हणून या वेळी मागे सात दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील बसवायचं ठरलं.

काम सांगायला सोपं आहे. जुनी एक चकती काढायची, सात चकत्यांचा संच आट्यांवर चढवायचा. पण सात चकत्यांना जागा जास्त लागते. शेवटची चकती फ्रेमला घासू नये म्हणून ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यावर, जाड वॉशर घालावे लागतात. वॉशरांनी जागा खाल्ली की नटाला पकडायला आटे कमी उरतात. आमच्या सायकलीत आणखी एक भानगड झाली. ॲक्सलला फिरू न देणारा जो खास वॉशर आत होता, त्यालाच जागा उरली नाही. तो काढावा लागला.

आता हा धोका साध्या शब्दांत सांगते. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा स्वतःच्या ॲक्सलला तितक्याच जोराने उलटं पिळते. ॲक्सल फ्रेमच्या खाचेत घट्ट बसलेला असेल, तर काही होत नाही. सैल असेल, तर तो खाचेतच फिरतो, नट उलगडतात, त्यातून येणारी वायर तुटते आणि चाक खाचेतून निसटतं. म्हणून काढलेल्या वॉशरऐवजी मी टर्नरकडून टॉर्क आर्म बनवून घेतला होता. त्याचं एक टोक ॲक्सलला धरतं, दुसरं फ्रेमला बांधलेलं असतं. तो बसला की ॲक्सल हलत नाही.

तो चौरंगावर होता. त्यामुळे नट मी फक्त स्टँडवर चाक फिरवून बघण्यापुरते आवळले होते.

"पण फडकं नव्हतं, मॅडम," दत्ताभाऊ म्हणाले. "देवाशपथ फडकं नव्हतं."

आमच्याकडे एक नियम आहे. काम अर्धवट असेल, तर हँडलला लाल फडकं बांधायचं. फडकं आहे तोवर सायकल दाराबाहेर जात नाही. सकाळी पूजा मांडायला शोभावहिनी आल्या होत्या, दत्ताभाऊंच्या मिसेस. सणाच्या दिवशी सायकलला कळकट फडकं कशाला, म्हणून त्यांनी ते सोडून धुवायला टाकलं आणि त्या जागी हार घातला. टेबलावर जे जे लोखंड दिसलं, ते पूजेत मांडलं. दत्ताभाऊ त्यानंतर आले. त्यांना हार घातलेली, फडकं नसलेली, चार्ज झालेली सायकल दिसली.

कोणी काही चुकीचं केलं नव्हतं आणि सायकल रस्त्यावर होती.

मी आधी एका कंपनीच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला होते. तिथे असं निसटलेलं एक चाक टेबलावर येऊन पडलं होतं. आम्ही खाच मोजली, फोटो काढले. चालवणाऱ्याचं काय झालं, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही. ते चाक मला आता दिसत होतं.

परबताईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग त्यांच्या मिस्टरांना लावला.

"ती डबे घेऊन गेली ना. श्रीखंडपुरी आहे आज. मग तशीच अँटॉप हिलला, आईला सोनं द्यायला."

"त्या फोन उचलत नाहीयेत."

"सायकलवर असताना ती फोन घेतच नाही. तुम्हीच दम दिला होतात ना तिला? काय झालं, मॅडम?"

"काही नाही. त्यांचा फोन आला तर सांगा, सायकलवरून उतरा आणि ढकलत न्या. एवढंच सांगा."

घाबरले की मी मनात क्रम लावते. पहिलं, पाना आणि टॉर्क आर्म. दुसरं, दत्ताभाऊंची स्कूटर. तिसरं, हॉस्पिटल. चौथं, अँटॉप हिल. चौथ्यावर मला थांबायचं नव्हतं. तिकडे चढ आहे, आणि चढ म्हणजे परतताना उतार. या मोटरमध्ये ब्रेकची मूठ दाबली की मोटर उलट जोर लावून चाक आवरते आणि बॅटरीत थोडी वीज परत भरते. उतारावर ही सोय चांगली. पण चढताना ॲक्सल एका बाजूला पिळला जातो, उतरताना दुसऱ्या. अडकलेला नट काढायचा असेल, तर आपण त्याला असंच आलटून-पालटून पिळतो.

मी पान्याला हात घातला, तसे दत्ताभाऊ मधे आले.

"आज हत्यार उचलायचा नाय, मॅडम. उद्या सकाळपर्यंत नाय. माझ्या बापाने मिलच्या सांच्यावर, मागावर कधी ह्या दिवशी..."

"दत्ताभाऊ, बाई रस्त्यावर आहे."

ते चौरंगाकडे वळले. मग वाटीतल्या अक्षता उचलल्या, हत्यारांवर टाकल्या आणि चौरंग दोन्ही हातांनी जरासा सरकवला. अशी पूजा उतरवतात, ती दुसऱ्या दिवशी. "बा देवा म्हाराजा," ते पुटपुटले, "काय चुकला असात तर पदरात घे. आम्ही घाईत आसव." आणि माझ्या आधी त्यांनीच पाना उचलला. मी टॉर्क आर्म पर्समध्ये टाकला. "चला. बसा मागे."

स्कूटरलाही हार होता. तो काढायला आम्ही थांबलो नाही.

परळमध्ये ॲम्ब्युलन्सचा आवाज दिवसभर असतो. एरवी कानात शिरत नाही. त्या दिवशी प्रत्येक आवाजाला ॲम्ब्युलन्स कुठून येते आहे हे मी मान वळवून बघत होते. हॉस्पिटलच्या गेटजवळ फूटपाथवर एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. श्रीखंड दिसलं.

"परबताई कुठे गेल्या?"

"गेल्या की, पाऊण तास झाला. गियर दाखवत होत्या सगळ्यांना, हार घातलेली सायकल. काय खूश होत्या!"

"कुठल्या बाजूला?"

त्यांनी भोईवाड्याकडे बोट केलं.

भोईवाडा, नायगाव, वडाळा. सुट्टीमुळे रस्ते मोकळे होते. हे वाईट होतं, कारण रस्ता मोकळा असला की सायकलही जोरात जाते. मी दोन्ही फूटपाथ बघत होते. कुठे घोळका दिसला की दत्ताभाऊ आपोआप स्पीड कमी करत. एक घोळका आपट्याच्या पानांच्या टोपलीभोवती होता. दुसरा बंद पडलेल्या टॅक्सीभोवती.

अँटॉप हिलचा चढ लागला आणि त्या समोरून आल्या.

वरून, आमच्या दिशेने. हार गळून अर्धा उरला होता. निळी साडी, पेटी मागे बांधलेली. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि एक हात वर करून हलवला. त्यांना वाटलं, आम्ही सोनं द्यायला आलो.

"परबताई!" असं दत्ताभाऊ ओरडणार, तेवढ्यात मी मागून त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"ओरडू नका. त्या ब्रेक मारतील."

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. सगळा रस्ताभर मी त्यांना थांबवायचा विचार करत होते आणि थांबवणंच सगळ्यात धोक्याचं होतं. मूठ दाबली की मोटर ॲक्सलला उलटं पिळणार. तेही उतारावर, मागे पेटीचं वजन असताना.

"वळवा. त्यांच्या बाजूने घ्या. हळू."

त्या आमच्या शेजारून गेल्या. मी मागच्या चाकाकडे बघितलं. टायर फ्रेमच्या एका बाजूला कललेलं होतं. दत्ताभाऊंनी स्कूटर वळवून त्यांच्या उजवीकडे आणली.

"मॅडम, अहो तुम्ही इकडे कुठे? गियर एकदम मस्त..."

"परबताई, माझं ऐका. ब्रेक लावू नका."

"काय?"

"ब्रेकला हात लावू नका. डावा अंगठा डिस्प्लेच्या बटणावर. दाबून ठेवा. स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून ठेवा."

मी हे सगळं भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हटलं. त्यांचं हसू गेलं. अंगठा गेला बटणावर. सायकल आता वेग घेत होती. समोर खाली चौक दिसत होता, एक बस वळत होती.

"काळी झाली," त्या म्हणाल्या.

बॅटरी बंद म्हणजे मोटर पिळणार नाही. आता साधे ब्रेक तेवढे लागणार.

"आता पुढचा ब्रेक. थोडासा. सोडा. पुन्हा थोडासा."

त्या ऐकत होत्या. थोडासा, सोडा, थोडासा. शेवटच्या दाबाला मागून 'टक्' असा आवाज आला आणि टायर फ्रेमला घासू लागलं. घासतच सायकल फूटपाथच्या कडेला थांबली. त्यांनी पाय टेकले. मी स्कूटरवरून उडी मारून कॅरिअर धरलं, आता धरून काही उपयोग नव्हता तरी.

दत्ताभाऊ खाली वाकले. डाव्या नटाला त्यांनी पाना लावलाच नाही. बोटांनी फिरवला, तो निघून हातात आला. ॲक्सलने खाचेच्या कडा कुरतडल्या होत्या. वायरचं वरचं आवरण सोललं होतं, आतल्या रंगीत वायरी दिसत होत्या.

परबताई फूटपाथवर बसल्या. त्यांनी तो नट हातात घेतला.

"वर चढताना मागून टकटक वाजत होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गियर नवीन आहेत, वाजत असतील."

मी त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं. फडकं, हार, चौरंग. काही लपवलं नाही. त्या रागावतील असं वाटलं होतं, आणि रागावल्याच. "मला दोन पोरी आहेत, मॅडम," एवढंच म्हणाल्या. तेवढं पुरलं. मग दत्ताभाऊंकडे वळल्या. "काय हो सावंत, मुहूर्त चांगला होता का वाईट?"

दत्ताभाऊंनी खिशातून चुरगळलेली आपट्याची पानं काढली आणि परबताईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती घेतली.

टॉर्क आर्म मी तिथे बसवला नाही. हळदकुंकू लागलेला तो माझ्या पर्समध्येच राहिला. कुरतडलेल्या खाचेत तो बसवणं म्हणजे पुन्हा तोच जुगार. परबताईंना टॅक्सीत बसवलं... म्हणजे टॅक्सीवाल्याला विनवून, कारण पेटीही न्यायची होती. सायकलचं मागचं टोक उचलून दत्ताभाऊ ती लालबागपर्यंत चालत घेऊन आले. स्कूटर मी आणली.

नंतर खाचेला दोन्ही बाजूंनी पोलादी पत्रे वेल्ड केले. बारीक वॉशर शोधून नटाला आटे मिळवले. वायर बदलली. टॉर्क आर्म एकाऐवजी दोन बसवले. दत्ताभाऊंनी पेटीत वाळूच्या पिशव्या भरून ती सायकल चढ-उतारावर स्वतः चालवली, आणि मगच परबताईंकडे पाठवली. त्यांनी सातही गियर वापरून बघितले. आता बहुतेक वेळ त्या तिसऱ्यावर असतात. गुडघा बरा आहे, म्हणतात. चालवताना कसलाही आवाज आला की थांबून मला फोन करतात. निम्म्या वेळा तो डब्याच्या झाकणाचा असतो. मी प्रत्येक वेळी उचलते.

शोभावहिनींना कोणी काही बोललं नाही. पण नियम बदलला. लाल फडकं आम्ही बंद केलं, कारण फडकं कोणीही सोडू शकतं. आता काम अर्धवट असलेल्या सायकलचं मागचं चाक काढून आतल्या कपाटात ठेवतो. दसऱ्याला पूजेत फ्रेम तेवढी असते. हार तिलाही घालतात.

मागचं चाक नसलेली सायकल मुहूर्तावर कोणी मागत नाही.