घरातली सातवी

सांगायला खरं तर तोंड नाही, पण तुम्ही चहा पाजलाय आणि बस काही इतक्यात येत नाही, म्हणून सांगतो. मूर्खपणा बऱ्याच जणांच्या हातून होतो हो. पण वर्षभर, रोज सकाळी, घंटा वाजवून मूर्खपणा करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर नीट बघून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

सत्तर आणि ऐंशी सालाच्या मधली गोष्ट. मी पलटणीतून हवालदार क्लार्क म्हणून पेन्शनीत निघालो आणि घरी आलो. रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव. शेती थोरल्या भावाच्या हातात, म्हणजे दादांच्या. ऊस त्यांचा, पाण्याची पाळी त्यांची आणि घरातला शब्दही त्यांचाच. मग मला काम काय? सकाळी गुळगुळीत दाढी करायची आणि दिवसभर गावाला शिस्त शिकवायची. गाव काही शिकत नव्हतं.

तेवढ्यात कुसुम आजारी पडली. माझी एकुलती एक पोर, सहावी पास होऊन सातवीत जायची. आधी गुडघे सुजले, मग कोपरं सुजली, अंगातला ताप हटेना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "सांधेताप आहे. वर्षभर अंथरुणातून हलवू नका. दगदग झाली तर काळजावर जाईल."

येताना एसटीत आमची इंदू खिडकीकडं तोंड करून बसली होती. बायकोला धीर द्यावा म्हणून मी बोलायला गेलो, तर तोंडातून निघालं, "पिशवी नीट धर." एवढी नोकरी केली, बर्फात राहिलो, पण असा घाबरलो नव्हतो कधी. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं ते मला ऐकूच आलं नाही.

घरी आलो तर दादा ओट्यावर. सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, दाढेला लावली आणि म्हणाले, "आता शाळा बास झाली रं. दुखणाईत पोर. कवठे महांकाळचं पावनं इचारत्यात, सोयरीक ठरवून टाकू. लगीन काय, हुईल दोन-चार वर्सांनी."

आत वाकळेखाली कुसुम जागी होती. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं फक्त. ते मला दिसलं आणि काय झालं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा मी दादांसमोर तोंड उघडलं.

"दादा, मी घरी शिकवतो तिला. सातवी पास झाली, तर शाळा चालू ठेवायची."

"आन नापास झाली तर?"

"तर तुमी म्हणाल तसं."

"बघ हां. नापासाची सोयरीक. मागनं कुरकुर न्हाई ऐकायची."

शाळेतले गुरुजी भला माणूस. म्हणाले, "हजेरीचं मी बघतो. घरी अभ्यास करून घ्या, परीक्षेला बसवू." म्हणजे बघा, दैवानं सगळं माझ्या बाजूनं केलं होतं. आता फक्त मी मधे पडायचा बाकी होतो.

पुस्तकं आणायला साताऱ्याला गेलो. दुकानदार शिकलगार, माझ्या जुन्या ओळखीचा. त्यानं सातवीचा सगळा संच समोर मांडला. मी गणिताचं पुस्तक उघडलं आणि डोकंच फिरलं! पानावर एक मोठा गोल. गोलात आंबा, पेरू, केळं. शेजारी दुसरा गोल, त्यात पेरू आणि चिक्कू. दोन्ही गोल एकमेकांत घुसलेले आणि पेरू मधे अडकलेला.

"शिकलगार, हे गणित हाय का भाजीमंडई?"

"नवीन गणित हाय हवालदार. औंदापास्नं बदललं."

"पुस्तक बदललं म्हणून गणित बदलतं व्हय? बे दुणे चारच ना अजून?"

"आवं, पण परीक्षा ह्याच्यावर हाय!"

मी ऐकलं का? छे! मी पुस्तकाचा पुठ्ठा वाकवून बघितला, तर तो वाकला. पानं ओढून बघितली, तर एक हातात आलं. पलटणीत आम्ही बूट घ्यायचो ते असेच ओढून-ताणून बघून, आणि मी पुस्तकंही तशीच निवडली. कोपऱ्यातल्या रद्दीच्या ढिगात जुनी पुस्तकं होती. कापडी बांधणी, दणकट शिवण, भिंतीवर फेकून मारली तर भिंत पडावी अशी! गणित, भूगोल, सगळं त्यातलंच उचललं.

शिकलगारनं पुस्तकं बांधून दिली, पण सुतळीला गाठ मारताना म्हणाला, "पोरगीचं वरीस हाय हवालदार. इचार करा."

"विचार करूनच घेतोय," मी म्हणालो. बघा आता!

आणि मग आमच्या घरात शाळा भरली. दुसऱ्याच दिवशी म्हशीच्या गळ्यातली घंटा काढून मी दाराला टांगली. भिंतीवर खडूनं वेळापत्रक लिहिलं. घंटा झाली की हजेरी. वर्गात पोर एकच, तीही अंथरुणात, तरी मी नाव पुकारायचो आणि ती वाकळेतनं हात वर करून "हजर" म्हणायची. तास चालू असताना घरात आवाज बंद. दळण नाही, कांडण नाही, भांडं आपटणं नाही.

इंदूनं दारातनं विचारलं, "आवं, मग मिरच्या कवा कांडू?"

"मधल्या सुट्टीत."

"आन म्हशीची धार?"

"शाळा सुटल्यावर."

"म्हस थांबंल व्हय तुमच्या घंटंपतूर?"

म्हैस थांबली नाही. इंदूही थांबली नाही. तिनं एक दिवस चुलीत पाणी ओतलं आणि शांतपणे बसून राहिली. भाकरी मागितली तर म्हणाली, "मधल्या सुट्टीत थापू का शाळा सुटल्यावर? वेळापत्रकात भाकरीचा तासच न्हाई." त्या दिवशी मी शेंगा खाऊन भूगोल शिकवला. पोरीचं औषधपाणी, अंग पुसणं, पथ्याचं रांधणं, शेण, धुणं, सगळं तिच्याच अंगावर होतं. आणि मी? मी घंटा वाजवायचो. वरून तिलाच म्हणायचो, "तुला शिस्त नाही."

पण कुसुम! काय पोर हो! पडल्या पडल्या पावकी, निमकी, दीडकी पाठ. मण, शेर, छटाक तोंडावर. रुपये, आणे, पैचा हिशेब असा करायची, की जुन्या काळातला वाणी असता तर त्यानं गल्ल्यावर बसवली असती. जुन्या काळातला वाणी, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

भूगोलात एक दिवस अडली. "आण्णा, ह्यात सांगली जिल्हाच न्हाई. सांगली दक्षिण साताऱ्यात दावलीया."

"नाव मागनं बदललं. आधी दक्षिण साताराच होतं."

"मग पेपरात काय लिवू? मामाचं गाव तर सांगली जिल्ह्यात हाय."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? पण मी पलटणीतला क्लार्क. आमच्यात नवा लेखी हुकूम हातात पडेपर्यंत जुना हुकूम चालू. मी छाती काढून सांगितलं, "मामा काय म्हणतो ते मामाच्या घरी. पेपरात पुस्तकातलंच लिहायचं."

तिची मैत्रीण हसीना यायची संध्याकाळी. एकदा तिनं शाळेतली वही आणली. त्यात तेच गोल! कुसुम बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आण्णा, ह्यातलं आपल्याला कायच येत न्हाई."

"ते चित्रकलेचं असंल," मी म्हणालो. हसीनानं माझ्याकडं असं बघितलं, की आपले शहाणपणाचे दिवस संपले असं तेव्हाच समजायला हवं होतं. उलट मी तिलाच धरून बसवलं आणि मणाशेराची गणितं घातली. चार दिवसांनी गुरुजी घरी आले. टोपी हातात, आवाज नरम.

"हवालदारसाहेब, हसीना वर्गात शेर-छटाक मांडायला लागलीय. पुस्तक बदललंय हो. तुम्ही कुसुमला कुठलं शिकवताय ते जरा बघू का?"

आणि मी त्या माणसाला काय म्हणालो असेन? म्हणालो, "गुरुजी, तुमच्या पुस्तकाची शिवण बघा आणि माझ्या पुस्तकाची बघा." गुरुजींना चहा पाजला आणि पाया पक्का कसा करावा यावर चांगलं भाषण दिलं. त्यांनी ते ऐकलं, कारण घर माझं होतं. जाताना कुसुमच्या कपाळाला हात लावून बघितला आणि टोपी घालून गेले.

वर्ष सरलं. सूज उतरली, पोर उठून बसायला लागली, पण हात-पाय काड्यांसारखे झालेले. परीक्षेचं केंद्र कोरेगावला. दादांनी बैलगाडीत गादी घालून दिली. गाडीत ती डोळे मिटून दीडकी पुटपुटत होती आणि मी मनात म्हणत होतो, आता बघा म्हणावं दादा.

गणिताचा पेपर सुटला. पोरं ओरडत बाहेर आली, उत्तरं ताडून बघायला लागली. कुसुम सगळ्यांत मागून, भिंत धरत धरत आली. रडत नव्हती. प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसली. मी बघतो तर गोल! संच अमुक, संच तमुक, दोन्हींत सामाईक काय ते लिहा. मणाचा, शेराचा, आण्याचा कुठं मागमूसही नाही. तशी खाली चार-दोन गणितं ओळखीची होती, पण तेवढ्यावर कोण पास करतो?

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. काय बोलणार? वर्षभर बोललोच होतो की.

तीच म्हणाली, "आण्णा, तुमच्या येळंला असते तर मी पयली आले असते."

तिनं ते माझी समजूत काढायला म्हटलं होतं हो. आजारी पोरीनं बापाची समजूत काढावी, त्या पायरीवर! ते वाक्य अजून कधी आठवलं की ताटावरून उठतो.

निकाल लागला. गणितात गेली. भूगोलातही काठावरून खाली घसरली. दक्षिण साताऱ्यानं घात केला. गुरुजी निरोप सांगायला आले, तेव्हा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

संध्याकाळी दादा ओट्यावर बसले. "मग ठरलं. पावन्यास्नी बेस्तरवारी बोलीवतो. आन ध्यानात ठेवा, दुखण्याचं कुणी तोंडातनं काडायचं न्हाई. खोट दिसली का सोयरीक मोडती."

चुलीपुढं इंदू होती, तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली नाही. कुसुम उंबऱ्यात बसून पायाच्या बोटांकडं बघत होती. आता गप्प बसलो असतो, तर माझ्या चुकीची शिक्षा त्या पोरीनं जन्मभर भोगली असती.

"दादा," मी म्हणालो, "पोरगी नापास नाही झाली. मी झालो."

"म्हंजी?"

मग सगळं सांगितलं. पुस्तकाची शिवण, जुना हुकूम, सगळं. दादा दुसरीत शाळा सोडलेला माणूस. पण उलटतपासणी अशी घेतली, की वकील मागं सरावा.

"दुकानदार सांगत हुता का, पुस्तक बदललंय म्हून?"

"व्हय."

"गुर्जी घरी येऊन सांगून गेलं?"

"व्हय."

"पोर सुदीक म्हनत हुती, ह्यातलं येत न्हाई?"

"व्हय."

"आन तू काय करत हुतास रं?"

"मी घंटा वाजवत होतो, दादा."

दादांनी तंबाखू थुंकली. कुसुमकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "पोरीचा काय दोष ह्यात? बसू दे तिला आनी एकडाव. शाळंत जाऊ दे, गाडी मी देतो. पर तू पुस्तकाला शिवायचं न्हाईस, सांगून ठेवतो."

मी मान हलवली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, स्वस्तात सुटलो. पण दादा सोडतायत होय?

"आता ऱ्हायलं पावन्यांचं. माजा शबुद हाय, नापासाची सोयरीक करायची. आन नापास झालास तू. मग बेस्तरवारी तुलाच बशिवतो पाटावर. काय?"

आमची इंदू लग्न झाल्यापासून दादांसमोर कधी अक्षर बोललेली नव्हती. त्या दिवशी मात्र पदर सारखा करून दाराआडनं शांतपणे म्हणाली, "बशिवा की. फकस्त ह्येंची खोट झाकू नगा. आमच्या येळंला झाकली हुती."