कंप्युटर बाब आणि माझी तक्रार

कोरगावात आमच्या शेजारी कंप्युटर बाब राहायचे. सगळी नोकरी पुण्याच्या एका कंपनीत कंप्युटरचे प्रोग्राम लिहिण्यात काढलेली, आणि केस पिकल्यावर गावच्या घरी येऊन त्याच कंपनीचं काम इथून चालू ठेवलेलं. पण त्यांच्या दाराला साधी बेल नव्हती. गुराच्या गळ्यात बांधतात तसली घंटा टांगलेली होती आणि तिला काथ्याची दोरी. कोपऱ्यावरचा दुकानदार एकदा म्हणाला, "बाब, तुमच्यासारख्यान निदान एक स्विच तरी लावचो." बाब म्हणाले, "हिच्यात बिघडण्यासारखी वस्तू एकच, दोरी. आणि ती मला बांधता येते."

मी त्यांच्याकडे रांधायला जायचे. त्यांची बायको वारली होती, मुलगी पुण्याला नांदत होती. माझं शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत झालं आणि स्वभाव लहानपणापासून लाजरा. परक्या माणसापुढे माझा आवाज घशातच राहतो. बाबांनी ते लगेच ओळखलं. "बाय, बोलायचं नसेल तर नको बोलू," ते म्हणाले. "पण माशाच्या हुमणात मीठ कमी पडलं तर मी बोलणार." आणि खरंच बोलायचे. रागावून नाही, पावसाची बातमी सांगावी तसे.

जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात मेज टाकून ते दिवसभर काम करत. संध्याकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला की कंप्युटर बंद. मग कोणाचाही फोन येऊ दे. एकदा पलीकडचा माणूस फारच घाईत असावा, कारण बाब तीनतीनदा म्हणाले, "पाव आला रे. उद्या बोलू." फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून हसले. "काम कधीच संपत नाही, बाय. म्हणून माणसाला थांबावं लागतं. हे मला पुण्यात कळलं नाही. तिथे पदेर नव्हता."

त्यांच्या सोप्यावर संध्याकाळी चार माणसं जमायची. माझा नवरा मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो, तोही भाडं नसलं की जाऊन बसायचा. त्याने एकदा विचारलं, "बाब, आता म्हणे मशीनच तुमचं काम लिहिता. मगे तुमची नोकरी गेली काय?"

"लिहायचं गेलं तर जाऊ दे," बाब म्हणाले. "माझाही त्रास वाचेल. पण लोकांचं नेमकं कुठे दुखतंय ते विचारायला कोणीतरी जायलाच हवं. माझी अर्धी नोकरी त्यातच गेली. मशीन चुकलं तर लगेच सांगतं, अमुक ओळीत गडबड आहे. माणसं सांगत नाहीत. ठीक आहे म्हणतात आणि गुपचूप सोसतात."

मी आत भाकरी थापत होते. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं, तरी मला उगीच लाज वाटली.

त्याला कारण होतं आडोळी. बसून नारळ खवायची ती लाकडी आडोळी. बाबांना सुतारकामाचा नाद होता. हात काही खास नव्हता, आणि ते स्वतःच सांगायचे, "छंद त्याला म्हणावं, जो वाईट जमला तरी कोणी पगार कापत नाही." माझी जुनी आडोळी डुगडुगायची, म्हणून फणसाच्या लाकडाची नवी करायला घेतली. पातं पेडण्याच्या लोहाराकडून आणलं. झाल्यावर खालच्या बाजूला शिसपेन्सिलीने एकचा आकडा लिहिला आणि मला म्हणाले, "आता महिनाभर वापर आणि तक्रार सांग. तक्रार मिळाल्याशिवाय मी दुसरी करत नाही."

आडोळी उंच झाली होती. गुडघा अवघडायचा. पण ज्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं, त्याच्या तोंडावर नाव कसं ठेवायचं? आमच्याकडे अशी रीतच नाही. कशी आसा विचारलं की मी म्हणायचे, "बरी आसा, बाब." ते मेजावर जाऊन बसले की जुनी काढायची आणि तिच्यावर नारळ खवायचा.

एक दिवस ते पाणी प्यायला आत आले तेव्हा मी जुनीवर बसलेली. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. बाब पाणी प्याले, नवी आडोळी उचलली, स्वतः तिच्यावर बसून बघितली आणि म्हणाले, "उंच झाली गो. माझं ढुंगणसुद्धा ओरडतंय, आणि तू म्हणतेस बरी आसा." मी पदर तोंडाला लावून हसले. मग ते शांतपणे म्हणाले, "बाय, तू ठीक आहे म्हणालीस की मी आंधळा होतो. मला पुढे काहीच दिसत नाही."

तेव्हापासून मी हळूहळू सांगायला शिकले. दुसरी आडोळी हलकी झाली, खवताना पुढे सरकायची. ते मी दाराआडून सांगितलं. तिसरीचं पातं फार आत वळलेलं होतं. ते मात्र मी भाजी चिरता चिरताच सांगितलं. बाब खूश. सोप्यावर सगळ्यांना ऐकवलं, "माझ्या कंपनीत असं गिऱ्हाईक एक नाही." दुकानदार म्हणाला, "कंप्युटर सोडून सुतार मेस्त जालात, आनी मेस्त होऊन शिव्या खातात." बाब म्हणाले, "फुकटच्या नाहीत. जेवण मिळतं."

चौथी आडोळी दिसायला सगळ्यांत सुरेख होती. पण वापरायला बसले की लुगड्याचा धागा अडकायचा. हात फिरवून बघितला तर डावीकडची कडा सगळी खरखरीत. उजवी बाजू घासून काचेसारखी केलेली, आणि डावीला घासायचा कागद लागलेलाच नाही. बाबांचं काम साधं असेल, पण अर्धवट कधी नसायचं. आडोळी मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले. मग एकेक आठवायला लागलं. दोन दिवसांपूर्वी त्यांनी चहा ओतला तो कपाच्या डाव्या बाजूला, बशीत. येता जाता दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा. डाव्या अंगठ्याला पट्टी होती, पटाशी लागली म्हणाले होते.

संध्याकाळी पदेर येऊन गेल्यावर मी आडोळी घेऊन सोप्यावर गेले. माणसं बसलेली होती. मी माणसांत कधी येत नसे.

"बाब, तक्रार आसा."

"सांग."

"डावी बाजू घासलेली नाही."

त्यांनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. "अरे. दिसलीच नाही मला. चष्म्याचा नंबर वाढला असेल. ठीक आहे, करून देतो."

"ठीक नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखता आला नाही. "चहाही तुम्ही कपाबाहेर ओतता. चौकटीला खांदा लागतो. सगळं डावीकडेच. डोळे दाखवून यायला हवेत. उद्याच."

बाब आडोळीकडे बघत होते. तिच्यावरचा हात न काढता म्हणाले, "मी स्वतःलाच ठीक आहे सांगत होतो वाटतं." मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सकाळी म्हापशाला गाडी काढशील?"

घरी जाताना नवरा सारखा माझ्याकडे वळून बघत होता. "तू बोललंय? इतक्या लोकांत?" मी म्हणाले, "पायांखाली बघून चल."

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, पण राहिलेली थेंब घालून राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर तीही हाती राहिली नसती. डोळ्यांचं सगळं मार्गी लागेपर्यंत मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. जायच्या आधी त्यांनी पाचवी आडोळी केली. या वेळी डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही, बोटांनी चाचपत घासली. कुठेही धागा अडकत नाही. चौकटीत उभं राहून त्यांनी घंटेची दोरी नवी बांधली, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

आता ते कंप्युटरवर अक्षरं मोठी करून काम करतात. तिथे पदेर नाही म्हणून घड्याळ लावून उठतात. दर आठवड्याला फोन येतो. पहिला प्रश्न नेहमीचाच, "आडोळी कशी आहे?"

परवा मी सांगितलं, "पातं किंचित हलतं. फोनवर सांगून कळायचं नाही. येऊन बघायला हवं."

पलीकडून हसू ऐकू आलं. "खरंच हलतंय, की मला बोलावतेस?"

"दोन्ही."

"चवथीला येतो, गणपतीत," बाब म्हणाले. "फणसाची फळी बघून ठेव."

फळी मी कालच आणली. सोप्यावर सावलीत उभी करून ठेवली आहे, म्हणजे वाळेपर्यंत वाकणार नाही.