पंचामृतातलं मशीन

अण्णा खेडकरांच्या मते जगातली कुठलीही वस्तू बिघडत नसे. तिला फक्त ‘थोडं काम’ हवं असे. छप्पर गळतंय? “थोडं काम मागतंय.” स्वतःचे पुढचे चार दात पडले, तेव्हाही हेच. बायकोचे, म्हणजे काकूंचे, गुडघे धरले तेव्हा तर डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाले, “गुडघे बढिया आहेत हो, थोडं काम मागतायत.” नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेच्या बदलीवर मी बनारसला गेलो आणि ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत त्यांच्या समोरच बिऱ्हाड केलं. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला घरात बोलावलं आणि चहा न विचारता मशीन दाखवलं.

वडील वेदपाठी, आजोबा वेदपाठी. अण्णा मात्र तीस वर्षं एका कारखान्यात मिलिंग मशीनवर उभे राहून लोखंडाला खाचा पाडत आले. कारखाना बंद पडला तेव्हा लिलावात त्यांनी आपलंच मशीन विकत घेतलं आणि घराच्या तळमजल्यावरच्या एकुलत्या एका खोलीत बसवलं. मग कळलं, की ते चालवायला लागणारी तीन फेजची वीज त्या गल्लीत मिळत नाही. ही चौकशी आधी करावी, असं तीस वर्षांच्या अनुभवी कारागिराला सुचलं नव्हतं.

विकायचं ठरलं ते काकूंसाठी. जिना उभा आणि अंधारा, त्यामुळे काकू दोन वर्षं माडीवरून खाली उतरल्या नव्हत्या. भाजीसुद्धा दोरीला बांधलेल्या डोलचीतून वर जाई. मशीन गेलं की ती खोली काकूंची, असं ठरलं होतं. “उंबऱ्यावर बसून चार माणसांशी बोलायचंय रे, इतकंच,” त्या खिडकीतून मला सांगायच्या. मी “होईल हो काकू” म्हणायचो आणि बँकेत निघून जायचो.

गिऱ्हाइकं यायची. एकानं हँडल अर्धा फेरा फिरवलं, तरी मशीनचं सरकतं टेबल जागचं हललं नाही. अण्णा म्हणाले, “उन्हें सोचने का टाइम दीजिए. बुजुर्ग हैं.” दुसऱ्यानं भाव पाडून मागितला, तर अण्णांनी आधी त्याचे तळहात बघायला मागितले. “मऊ आहेत. या हातांत मी मशीन देणार नाही,” असा निकाल त्यांनी मराठीत मला दिला आणि हिंदीत त्याला दरवाजा दाखवला. हे किस्से मी बँकेत रंगवून सांगायचो, आणि लोक पोट धरून हसायचे.

खरी मेख गंजाची होती. टेबल ज्यावर सरकतं त्या पट्ट्या आरशासारख्या हव्यात. इथे त्यांना देवी आल्यासारखे खड्डे पडले होते. “गंगेची हवा,” अण्णा सांगत. गंगेची हवा बिचारी निर्दोष होती. दसऱ्याला इतर लोक यंत्राला कुंकू लावतात, फूल वाहतात. वेदपाठ्याच्या मुलाचं तेवढ्यावर कसं भागावं? अण्णा सोवळं नेसून रुद्र म्हणत मशीनवर पंचामृताचा अभिषेक करत, आणि वर तांब्याभर गंगाजल. मी एकदा विचारलं, “कारखान्यात असं करायचात?” तर म्हणाले, “तिथे ते नोकर होतं. इथे घरचं आहे.”

अखेर रामनगरचे मौर्याजी आले. त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. गंज पाहूनही ते म्हणाले, “सफाई करवा लेंगे.” सौदा झाला. मशीन दसऱ्याला पूजा आटोपल्यावर न्यायचं, एवढीच अण्णांची अट होती. काकूंनी त्या आनंदात खिडकीतून सगळ्या गल्लीला पेढे सोडले.

दसऱ्याला मौर्याजी आठ हमाल घेऊन तासभर लवकर आले. अण्णा पट्ट्यांवर दह्याची धार धरून उभे होते. मध गिअरपर्यंत पोचला होता. मौर्याजी दारातच थांबले.

“पंडितजी, ई मसीन है कि महादेव?”

“दोनों,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुढचा मंत्र सुरू केला.

मौर्याजींनी हात जोडले. “फिर इन्हें यहीं विराजने दीजिए. हमारे यहाँ तो ये कबाड़ के भाव भी महँगे हैं.” आणि ते वळले.

तेवढ्यात जिन्यात धप्प असा आवाज झाला. मग पुन्हा धप्प. काकू बसून, एकेक पायरी सरकत खाली येत होत्या. भिंत धरून त्या दारापर्यंत आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. “भैया, रुकिए. कबाड़ के भाव ही सही. ले जाइए, आज ही.”

“अगं, पूजा अर्धी आहे!”

“राहू दे अर्धी.”

दुपारपर्यंत हमालांनी मशीन सुटं केलं. एकेक भाग बांबूला बांधून गल्लीतून निघाला, मधाचे थेंब गाळत. अण्णा प्रत्येक हमालामागे धावत होते, “धीरे भैया, धीरे, चोट न लगे.” सगळी गल्ली बघायला लोटली होती. मीही होतोच, उद्याचा किस्सा मनात जुळवत. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. मशीनचा सगळ्यात जड भाग चौघांनी खांद्यावर घेतला, तेव्हा त्या माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “मला असं कोणी उचलून खाली आणलं असतं ना, तरी चाललं असतं.”

अण्णा तेव्हा हमालांबरोबर गल्लीच्या टोकाला पोचले होते; त्यांनी हे ऐकलं नाही. पण मी ऐकलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, धडधाकट होतो, आणि समोरच राहत होतो.