राहुरीला भरलेली ओटी

शिवाजीनगरहून एसटी सुटली तेव्हा नीला आणि मी, दोघीही जरा धास्तावलेल्याच होतो. पुण्यातल्या आमच्या गटातली चंदा तृतीयपंथी. तिने राहुरीजवळच्या आपल्या गावी बोलावलं होतं. चंदा कुठेही गेली की माणसं वळून बघतात. आम्ही दोघी इतकी वर्षं एका घरात राहतो, तरी लोकांना मैत्रिणीच वाटतो. चंदाला ते खटकायचं. निदान तिच्या आईला तरी आम्ही खरं सांगावं, असं तिचं म्हणणं होतं.

नगर सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला. गप्पांच्या नादात आमचा फाटा मागे राहिला, आणि पुढे उतरून उन्हात उलटं चालत यावं लागलं. चंदा अर्ध्या वाटेवर भेटली, नीलाची पिशवी घेऊन पुढे चालू लागली.

घर मुळा धरणाच्या कालव्याला लागून. चंदाच्या आईंनी बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी (काळ्या मसाल्याची झणझणीत आमटी) वाढली. नीलाचं नाक लाल झालेलं पाहून न विचारताच दही वाढलं.

इतक्यात शेजारच्या काकू आल्या. आम्ही बहिणी का, असं त्यांनी विचारलं. एरवी अशा वेळी आम्ही हसून मोकळ्या होतो. गावात चंदाला आधीच किती ऐकावं लागतं, ते मला ठाऊक होतं. मी खाली बघत भाकरी मोडत राहिले.

नीला म्हणाली, "नाही काकू. आम्ही जोडीदार आहोत. दोघी मिळून संसार करतो."

आई उठल्या, सुपात तांदूळ आणि दोन नारळ घेऊन आल्या. आम्हाला शेजारी शेजारी बसायला सांगितलं.

"ओटी लगीन झालेल्या बाईची भरत्यात," काकू हळूच म्हणाल्या.

"संसार करत्यात न्हवं? मंग झालं," आई म्हणाल्या.

काकू उठून गेल्या. चंदाचा चेहरा उतरला. काकू सकाळी इरजणाला (विरजणाला) येतीलच, असं म्हणून आई माझ्या ओढणीत तांदूळ घालू लागल्या. मधेच थांबल्या. "चंदाचं समजायला मला लई वर्सं लागली, बाई. तिनं शिकवलं, म्हनून तुमचं लवकर समजलं."

चंदा पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

धाकट्या बहिणीची ओटी भरताना मी नेहमी तबक धरून उभी असायचे. माझीही कधी भरली जाईल, असं मनात येऊ द्यायचं मी केव्हाच सोडलं होतं.

घरी परतल्यावर दोघींच्या ओटीचे तांदूळ एकाच पातेल्यात धुतले आणि नारळीभात केला. चंदा संध्याकाळी पुण्याला पोचणार होती. तिचा वाटा आधी काढून ठेवला, मग आम्ही जेवायला बसलो.